तीन सेन्सर बदलले, कोड तोच

सकाळी नऊच्या आत फोन आला. "मिस्त्री, परत तोच कोड. पोकलेन रस्त्यातच उभी आहे, मागे डंपर खोळंबलेत."

खडी क्रशरला दगड पुरवणाऱ्या खाणीवरची वीस टनी मशीन. दीड महिन्यात ही चौथी वेळ. पहिल्यांदा कॉमन रेलचा, म्हणजे इंजेक्टरना डिझेल वाटणाऱ्या पाईपचा, प्रेशर सेन्सर बदलला, मग ऑइल प्रेशरचा, मग टर्बोच्या बूस्टचा, म्हणजे टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेच्या दाबाचा. दर वेळी कोड, म्हणजे मॉनिटरवरचा बिघाडाचा नंबर, पुसायचा, मशीन आठ-दहा दिवस नीट चालायची आणि एका सकाळी पुन्हा पिवळा दिवा, आरपीएम वर चढेना, बकेट लोड घेईना. आता कुणीतरी शेठच्या डोक्यात भरवलं होतं की ईसीएमच, म्हणजे इंजिनाचा कंप्यूटरच गेला. ईसीएमची किंमत ऐकल्यावर शेठचा आवाज बसला होता, म्हणून मला फोन.

मी फोनवर एवढंच विचारलं, "कोड पुसलाय का?"

"नाही अजून."

"मग कुणालाही पुसू देऊ नका. मी येतोय."

कोड पुसणं ही आपल्याकडची सगळ्यात वाईट सवय आहे. मॉनिटरवर नुसता नंबर नसतो. कोड आत्ता चालू आहे की जुना साठवलेला आहे, किती वेळा आला, बऱ्याच मशीनमध्ये कुठल्या तासाला आला, हे सगळं तिथं असतं. पुसलं की तो पुरावा गेला, आणि मग मिस्त्रीला पुढच्या वेळेची वाट बघत बसावं लागतं. मी आधी मोबाइलवर पूर्ण यादीचे फोटो काढतो, खाली सरकवून शेवटच्या ओळीपर्यंत. या मशीनमध्ये तर सगळी गोम त्या शेवटच्या ओळीतच होती.

यादी अशी होती: १५७–४, १००–४, १०२–४, आणि सगळ्यात खाली ३५१०–४.

आधीच्यांनी वरून एकेक नंबर धरला आणि एकेक सेन्सर बदलला. १५७ म्हणजे रेल प्रेशर, १०० म्हणजे इंजिन ऑइल प्रेशर, १०२ म्हणजे बूस्ट प्रेशर. ३५१० काय ते बघायला कुणी पुस्तक उघडलं नाही.

दोन आकडे, दोन वेगळ्या गोष्टी

अवजड मशीनच्या इंजिनांत बहुतेक ठिकाणी जे१९३९ ची, म्हणजे कोड लिहिण्याची एक ठरलेली पद्धत चालते. पहिला आकडा एसपीएन, तो सांगतो तक्रार कुठल्या सर्किटची. दुसरा एफएमआय, तो सांगतो तक्रार कसली. एफएमआय ० ते ३१ असतात, पण रोजच्या कामात सात-आठच भेटतात. ३ म्हणजे व्होल्टेज हवं त्यापेक्षा जास्त. ४ म्हणजे कमी, बहुतेक वेळा वायर कुठेतरी अर्थला, म्हणजे मशीनच्या लोखंडाला, टेकलेली. ५ म्हणजे करंट कमी, सर्किट तुटलेलं. ६ म्हणजे करंट जास्त. २ म्हणजे रीडिंग उड्या मारतंय किंवा पटण्यासारखं नाही.

आणि ० नि १ यांचा इलेक्ट्रिकशी संबंधच नाही! तिथं सेन्सर, वायर, ईसीएम सगळं ठीक आहे, मोजलेली गोष्टच खरी बिघडलेली आहे. १००–४ आला तर ऑइल प्रेशरच्या सेन्सरचं व्होल्टेज कमी आहे, वायर शोधा. १००–१ आला तर इंजिनात ऑइलचं प्रेशर खरंच कमी आहे, त्या क्षणी इंजिन बंद करा. दोन्हीकडे स्क्रीनवर चित्र तेच, ऑइलच्या किटलीचं. १००–१ ला "सेन्सर खराब असेल" म्हणून मशीन चालवत राहिल्यामुळे मेन बेअरिंग बसलेलं इंजिन मी पाहिलं आहे. म्हणून मी ऑपरेटरला दुसरा आकडा आधी वाचायला सांगतो.

हे नंबर सगळीकडे याच रूपात दिसतील असं नाही. कमिन्सच्या इंजिनात १५७–३ ला ४५१ म्हणतात, १५७–४ ला ४५२. कोमात्सुच्या मॉनिटरवर तेच सीए४५१ आणि सीए४५२ होऊन येतात. पंप आणि हायड्रॉलिकच्या बाजूचे कोड तर प्रत्येक कंपनीचे आपापले. त्यामुळे मोबाइलवर कोड टाकून पहिलं जे दिसेल ते धरू नका, आपल्या मशीनच्या मॉडेलचं पुस्तक बघा. गाव एक, नाव वेगळं असं चालतं. उलट झालं की पैसे जातात.

आता ३५१०. ईसीएम आतून ५ व्होल्टची सप्लाय तयार करतो आणि सेन्सरना वाटतो. या सप्लाय एकापेक्षा जास्त असतात: ३५०९ ही पहिली, ३५१० दुसरी, ३५११ तिसरी. कुठल्या सप्लायवर कुठले सेन्सर हे त्या इंजिनाच्या सर्किट डायग्रामवर असतं. या इंजिनात रेल, ऑइल आणि बूस्ट हे तिघं दुसऱ्या सप्लायवर होते. नळाच्या एका लाइनीवर तीन घरं. वर पाईप फुटला तर तिघांकडेही पाणी येणार नाही, आणि तिघंही आपापल्या तोटीला दोष देणार. ३५१०–४ म्हणजे पाईपच फुटलाय. बाकीचे तीन कोड त्याच्या मागून आलेले. एकाच वेळी, एकाच एफएमआयचे तीन-चार कोड दिसले की सेन्सरच्या डब्याला हात लावायचा नाही, त्यांच्यात सामाईक काय ते शोधायचं: सप्लाय, अर्थ किंवा वायरी जोडणारा कपलर.

ऑपरेटरला विचारा

साइटवर पोचलो तर मशीन सुरू झालेली होती. कोड होते, पण आता जुने झाले होते. हे सगळ्यात वैतागाचं. बिघाड समोर असला तर पंधरा मिनिटांत सापडतो, लपून बसला की दिवस जातो.

ऑपरेटर तरुण पोरगा होता, पण लक्ष होतं त्याचं. विचारलं, "दगड फोडायचा ब्रेकर मारताना येतो का रे?"

"नाही दादा. ब्रेकरवर दिवसभर काढला, कधी नाही आला. चेन चालवली की येतो. खालून वर डिझेल भरायला येताना."

"रोज?"

"मोठ्या दगडावरून चढली आणि धाडकन उतरली की."

एवढ्याने अर्धं काम झालं. गरम झाल्यावर येणारा बिघाड वेगळा, पावसात येणारा वेगळा, धक्क्याने येणारा वेगळा. धक्क्याने येणारा म्हणजे वायर हलतेय आणि कुठंतरी टेकतेय.

तरी बॅटरीपासूनच सुरुवात केली, कारण ती दोन मिनिटांची गोष्ट आहे आणि ती सोडून पुढे गेलेला माणूस नंतर पस्तावतो. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मालिकेत; उभ्या मशीनला २५.२, इंजिन चालू असताना २७.९. सेल्फ मारताना बॅटरीच्या निगेटिव्हवर मीटरची एक पिन, दुसरी इंजिन ब्लॉकवर: ०.२ व्होल्ट. इथं अर्धा व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थची केबल किंवा तिच्या टोकाचं थिंबल गेलंय, आणि मग सेल्फ मारताना एकमेकांशी काही संबंध नसलेले दहा कोड एकदम येतात. इथं तसं काही नव्हतं.

एक सांगून ठेवतो. कोड १५७ चा आहे म्हणून प्रेशर येतंय का बघायला रेलचा पाईप सैल करणारे लोक आहेत. चालू इंजिनात त्या पाईपात १,६०० बार किंवा त्याहून जास्त प्रेशर असतं, डिझेलची धार कातडीतून आत जाते. इंजेक्टरच्या वायरींनाही चालू इंजिनात हात लावू नका, तिथं २४ व्होल्टपेक्षा खूप जास्त व्होल्टेज येतं.

मीटर लावून मशीन चालवली

चावी ऑन, इंजिन बंद. रेल सेन्सरचा कपलर काढून सप्लाय आणि अर्थच्या पिनांमध्ये मीटर: ५.०२. चांगलं. ४.७५ ते ५.२५ मध्ये असलं की मी समाधानी असतो. कपलर परत लावला, सिग्नलच्या वायरला मागच्या बाजूने बारीक पिन घालून पाहिलं, ०.५ च्या आसपास. रेलमध्ये प्रेशर नसताना एवढंच यायला हवं. म्हणजे शेठने आणलेला नवा सेन्सर बरोबर होता. आधीचाही बरोबरच असणार, हे तेव्हाच लक्षात आलं.

वायरचं इन्सुलेशन टोचून मीटर लावू नका. त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि सहा महिन्यांनी वायर आतून हिरवी पडून तुटते. कपलरच्या मागून, रबरी सीलच्या कडेने, योग्य जाडीची पिन घाला. जाड पिन घातली तर आतली मादी पिन पसरते आणि तुम्हीच नवा बिघाड तयार करता. आणि ५ व्होल्टच्या लाइनीवर टेस्ट लॅम्प तर लावूच नका. २४ व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब पाऊण अँपिअरच्या वर करंट ओढतो. लाइटच्या किंवा सोलेनॉइडच्या सर्किटवर तो उत्तम, ईसीएमच्या सेन्सर सप्लायवर नाही.

मग मीटरच्या लांब वायरी सप्लायच्या पिनला मागून जोडल्या, चिकटपट्टीने बांधल्या, पंख्यापासून आणि सायलेन्सरपासून दूर घेतल्या आणि मीटर केबिनमध्ये आणला. मिनिमम-मॅक्सिममच्या बटणावर ठेवला. साधा मीटर नुसता डोळ्यांनी बघत बसलात तर क्षणभराची घसरण दिसत नाही. सगळ्यात खालचं रीडिंग धरून ठेवणारा मीटर घ्या, एवढा खर्च कराच.

"चल, वर घे. त्याच दगडावरून."

पहिल्या फेरीत काही नाही. दुसऱ्या फेरीत मशीन दगडावरून उतरली, पिवळा दिवा लागला, इंजिनाचा आवाज पडला. मीटरवर मिनिमम ०.३. सापडला, निदान कुठल्या बाजूला आहे ते.

इंजिन बंद केलं आणि तिन्ही सेन्सरचे कपलर एकेक करत काढून प्रत्येक वेळी फक्त चावी ऑन ठेवून, हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हाताने हलवत मीटर पाहिला. हा नियम लक्षात ठेवा: सप्लाय पडलेली असताना एखादा सेन्सर काढल्यावर ५ व्होल्ट परत आले तर तो सेन्सर आतून शॉर्ट आहे. तिन्ही काढूनही पडत असेल तर वायर, आणि ईसीएमजवळ ती सप्लायची पिन हार्नेसमधून बाजूला काढूनही पडत असेल तरच ईसीएम. ईसीएम शेवटी येतो. माझ्या कामात ईसीएमवर संशय घेऊन बोलावलेल्या मशीन पुष्कळ आल्या, त्यात खरोखर ईसीएम गेलेल्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातल्याही बऱ्याच जणांनी बॅटरी न सोडता वेल्डिंग केलेलं होतं.

इथं तिन्ही काढून झाले, हार्नेस इंजिनाच्या मागच्या बाजूला हलवला की ५.०२ चे ०.३ होत होते.

काळी टेप

हार्नेस तपासताना मी आधी डोळ्यांनी नाही, हाताने जातो. जिथं वळण आहे, जिथं क्लॅम्प आहे, जिथं पत्र्याची धार आहे आणि जिथं हार्नेस इंजिनावरून बॉडीवर उडी घेतो, तिथं बोटं फिरवायची. इंजिन हलतं, बॉडी त्याच्या तालात हलत नाही, मधली वायर दोघांच्या ओढाताणीत घासते.

पंपाच्या बाजूला, वाकून हात घातल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी एक क्लॅम्प होता. त्याचं रबर खाऊन गेलेलं, उघडी लोखंडी पट्टी राहिलेली. आणि हार्नेसवर त्याच जागी काळी टेप. म्हणजे कुणीतरी याआधी इथवर पोचला होता! त्याला बिघाड सापडलाही होता. त्याने टेप गुंडाळली, क्लॅम्प तसाच ठेवला आणि गेला. टेपचा गोंद इंजिनाच्या उष्णतेने वितळून पाघळलेला, त्यात ऑइल आणि खडीची भुकटी बसून सँडपेपरसारखं झालेलं. टेप उलगडली तर आत तीन वायरी, दोघींचं इन्सुलेशन घासलेलं, तिसरीची तांब्याची तार उघडी, एका बाजूने चकचकीत आणि दुसऱ्या बाजूने हिरवट. चकचकीत बाजू म्हणजे रोज लोखंडाला घासणारी. हीच दुसऱ्या सप्लायची वायर.

शेठला बोलावून दाखवली. ते बराच वेळ त्या तीन इंचाच्या तुकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एवढ्यासाठी?"

जोड देताना मी तो तुकडा पूर्ण कापून टाकतो. हिरवी पडलेली तार कितीही खरवडली तरी आत काळी असते. त्याच जाडीची नवी वायर घ्यायची, क्रिम्प स्प्लाइस दाबायचं, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह. तिन्ही जोड एकाच जागी आणायचे नाहीत, दोन-दोन इंच पुढे-मागे, नाहीतर तिथं गाठ तयार होते. डाख लावून जोडण्याबद्दल मिस्त्री लोकांत कायम वाद असतो. माझं मत: टेबलावरच्या कामाला डाख उत्तम, हलणाऱ्या इंजिनावर नको. कथील वायरच्या तारांत वर चढतं, तेवढा भाग सळईसारखा कडक होतो आणि कडक भाग संपतो तिथं महिन्या-दोन महिन्यांनी तार तुटते. वरून नवा नळीदार कव्हर पाईप, नवा रबरी क्लॅम्प, आणि वायरला जरा ढील.

तरी मन मानेना. क्लॅम्पचं रबर एवढं खाल्लं कशाने? इंजिन चालू-बंद करून बघितलं तर बंद करताना इंजिन मागच्या बाजूने जोरात हिसका देत होतं. मागच्या माउंटिंगचं एक रबर दबून बसलं होतं. हार्नेस त्यामुळे ताणला जाऊन पट्टीवर टेकत होता. ते रबर पुढच्या आठवड्यात बदलून घेतलं. ते न बदलता नवा क्लॅम्प लावला असता तर सहा महिन्यांनी मला, किंवा मला शिव्या घालून दुसऱ्या कुणाला, तिथं परत यावं लागलं असतं.

दुसरे कोड आले तर

दोन वायरींचा टेंपरेचर सेन्सर असेल, म्हणजे कूलंटचा ११० किंवा इनटेक हवेचा १०५, तर काम सोपं आहे. कपलर काढा, एफएमआय ३ यायला हवा. कपलरच्या दोन पिना बारीक वायरने एकमेकींना जोडा, ४ यायला हवा. दोन्ही आले तर वायर आणि ईसीएम ठीक, सेन्सर बदला. काढूनही ४ च राहिला तर वायर अर्थला टेकली आहे. जोडूनही ३ च राहिला तर वायर तुटली आहे. तीन वायरींच्या प्रेशर सेन्सरला हाच खेळ करता येतो, पण काही इंजिनांत काढल्यावर ३ येतो, काहींत ४. आधी पुस्तक बघा, मग निष्कर्ष काढा.

५ आणि ६ बहुतेक इंजेक्टर आणि सोलेनॉइडवर येतात. ६५१ ते ६५६ म्हणजे एक ते सहा नंबरचे इंजेक्टर. इंजिन बंद करून कॉइलचा ओहम मोजा आणि शेजारच्या चांगल्या कॉइलशी ताडून बघा. मीटरच्या बजरवर विसंबू नका. वायरच्या वीस तारांतली एक शिल्लक असली तरी बजर वाजतो, लोड आला की ती एक तार काय करणार?

२ आला आणि जात-येत असेल तर कपलरची पिन सैल आहे असं धरून चला. सुटी नवी पिन घेऊन मादी पिनेत घालून ओढून बघा. अडकत नसेल, नुसती घसरत असेल तर तीच बदला.

६३९ म्हणजे कॅन लाइनची तक्रार, मशीनमधले कंप्यूटर एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरींची. याला मीटर पुरतो. मेन स्विच बंद करून नऊ पिनांच्या डायग्नोस्टिक कपलरमध्ये सी आणि डी पिनांमधला ओहम मोजा. दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून ६० यायला हवेत. १२० आले तर एक रेझिस्टर किंवा मधली वायर तुटली आहे. शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना टेकल्या आहेत. एकदा मला ४० आले. १२० चे तीन झाल्याशिवाय ४० येत नाहीत. शोधत गेलो तर सीटच्या मागे, फायनान्सवाल्यांनी बसवलेला जीपीएसचा डबा थेट कॅनच्या वायरी सोलून जोडलेला. डबा काढला, ६० आले, कोड गेला. हप्त्याचं काय ते शेठने पुढं बघितलं. तेव्हापासून नवीन मशीनवर गेलो की आधी विचारतो, बाहेरचं काय काय बसवलंय? जीपीएस, जादा लाइट, पंखा, मोबाइल चार्जर. २४ व्होल्टच्या मशीनमध्ये चार्जरसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढणारे महाभाग तर घरोघरी आहेत. त्याने दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या उतरतात आणि सहा महिन्यांत दोन्ही मरतात.

चाकांच्या मशीनना १ एप्रिल २०२१ पासून सीईव्ही स्टेज चार हा धुराचा नियम लागू झाला, तेव्हापासून सायलेन्सरकडेही सेन्सर आणि वायरी वाढल्यात. जुना मिस्त्री यावर कुरकुरतो, मीही कुरकुरतो, पण कपलर तोच, मीटर तोच आणि उंदीरही तोच. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या मशीनची पहिली चावी मारण्याआधी बॉनेट उघडून हार्नेस एकदा बघाच. मशीन धुताना प्रेशरचं पाणी ईसीएमवर आणि कपलरवर मारू देऊ नका. बकेटचे दात किंवा बूम वेल्डिंग करायचं असेल तर चावी बंद करून पुस्तकात लिहिलाय तेवढा वेळ थांबा, मेन स्विच काढा, ईसीएमचे कपलर सोडवा आणि वेल्डिंगची अर्थ वेल्डच्या अगदी जवळ, त्याच भागाला लावा. अर्थ चेनला आणि वेल्डिंग बकेटला असं करू नका, मधल्या सगळ्या बेअरिंगमधून आणि वायरींमधून करंट फिरतो.

त्या दिवशी जोड झाल्यावर मीटर तसाच लावून ठेवला आणि पोराला त्याच चढावर सात फेऱ्या मारायला लावल्या. मुद्दाम त्याच दगडावरून. मिनिमम ४.९९. मग कुठं मी कोड पुसले, वहीत तास लिहिला, क्लॅम्पचा फोटो शेठच्या मोबाइलवर पाठवला.

आधी बदललेले जुने तीन सेन्सर शेठने पिशवीत ठेवले होते. ते एकेक करून लावून पाहिले, चावी ऑन आणि मग आयडलिंगला. तिन्ही चांगले. आता ते ऑपरेटरच्या सीटखाली, जेवणाच्या डब्याशेजारी, नव्या मालासारखे कापडात गुंडाळून आहेत.